बंडीपासून धरमकाट्यापर्यंत

चंद्रपूर आणि गडचिरोली ही नावे घेतली की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे वाघ उभा राहतो, मग सागाचे झाड आणि मग कोळशाची खाण. वाघाचे एक बरे आहे, तो आपल्या पायांनी चालतो. बाकी या मुलखात जे काही पिकते, उगवते वा जमिनीतून निघते, ते सारे कोणीतरी वाहून न्यावे लागते. साग, बांबू, तेंदूचे पान, मोहाचे फूल, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडचा तांदूळ, वरोऱ्याचा कोळसा आणि सुरजागडचा लोखंडी दगड ही जाणारी ओझी. मीठ, कापड, रॉकेल, औषध आणि शाळेची पुस्तके ही येणारी ओझी. आमच्या चांद्याच्या गोंड राजांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या, परकोटाच्या भिंती मोजल्या गेल्या. ओझ्याचा इतिहास मात्र कोणी फारसा मनावर घेतला नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर तो वाचायला थोडा जड वाटेल, पण वाचकहो, विषयच वजनाचा आहे, त्याला इलाज नाही.

हा सारा मुलूख पूर्वी एकच चांदा जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली त्यातून वेगळा झाला. रस्ते येण्यापूर्वी या मुलखातला मालवाहू म्हणजे लमाणांचा बैल. समुद्रकाठचे मीठ आत आणावे आणि आतले धान्य बाहेर न्यावे, हा बंजाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. असा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला, म्हणजे तो पुरा निघून जाईपर्यंत दोन दोन, तीन तीन दिवस वाट पाहावी लागे. त्यानेच एका बैलाच्या पाठीवरचे ओझे तीनशे ते साडेतीनशे फ्रेंच रत्तल दिले आहे. आजच्या मापाने ते दीडशे किलोच्या जरासे अलीकडे-पलीकडे भरते.

हा आकडा लक्षात ठेवावा. कारण १९६५ साली भारत सरकारने ओझ्याच्या जनावरांसाठी नियम केले, तेव्हा मध्यम बैलाच्या पाठीवर १५० किलो आणि मोठ्या बैलाच्या पाठीवर १७५ किलो ही कमाल मर्यादा ठरवली. तीनशे वर्षांपूर्वीच्या लमाणाजवळ ना काटा होता ना कायदा, पण दोघांचा आकडा एकच निघाला. याचे कारण सोपे आहे. लमाणाचा बैल रोज चालायचा होता, आज मेला तर उद्याचे मीठ कोण वाहणार? ज्याचे जनावर, त्याला त्याच्या पाठीची किंमत ठाऊक. पुढे ओझे एकाचे, जनावर दुसऱ्याचे आणि वाट तिसऱ्याची अशी फाटाफूट झाली, तेव्हा कायद्याची गरज पडली.

लमाणाच्या बैलामागून बंडीचे युग आले. आमच्याकडे ओझ्याच्या गाडीला बंडी म्हणतात, आणि माणसांना झपाझप नेणाऱ्या हलक्या गाडीला रेंगी किंवा छकडा. या दोन शब्दांतच मालवाहतुकीचे अर्धे शास्त्र आले. जड माल सावकाश जाईल आणि हलका माल लवकर जाईल. दोन्ही एकदम हवे असेल तर बैलांचा जीव जाईल. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतून बंडी निघतच नसे. उन्हाळ्यात ती निघे, पण लाकडी चाकावरची लोखंडी धाव कच्च्या वाटेत अशा चाकोऱ्या पाडी की मागची गाडी पुढच्या गाडीच्या चाकोरीची बंदीवान होई. ‘चाकोरी’ हा शब्द आपण जगण्याच्या रीतीला लावतो, तो तिथूनच आला.

भाराला मर्यादा घालण्याची युक्ती काही आपल्याकडेच सुचली असे नाही. चौथ्या शतकातल्या रोमन साम्राज्यात सरकारी डाकेचे कडक नियम होते. चारचाकी गाडीत हजार रोमन रत्तल, म्हणजे सव्वातीनशे किलोंच्या आसपास, दुचाकी गाडीत दोनशे रत्तल आणि डाकेच्या घोड्यावर अवघे तीस. बादशहाचे फर्मान वेळेवर पोचायचे तर घोड्यावर दहा किलोंहून जास्त काही ठेवू नये, हा हिशेब त्या लोकांनी दीड हजार वर्षांपूर्वी मांडला होता. इंग्लंडात १७५३ साली कायदा झाला, तो चाकांच्या रुंदीचा. अवजड वाघिणींची चाके निदान नऊ इंच रुंद हवीत, म्हणजे ती रस्ता कापणार नाहीत, उलट दाबून सपाट करतील. रोमनांनी काळजी केली वेगाची आणि जनावराची, इंग्रजांनी रस्त्याची. गाडीवर माल चढवणाऱ्या हमालाची मात्र दोघांच्याही दप्तरी नोंद नव्हती.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, तेव्हा चांदाही इंग्रजांकडे गेला. नव्या राज्यकर्त्यांना एकच प्रश्न पडला, इथला माल समुद्रापर्यंत न्यायचा कसा? तोवर नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरला जाई आणि तिथून गंगेतून कलकत्त्याला. कोणीतरी नकाशा पाहिला आणि त्याला वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी अशी एक निळी वाट दिसली. सर आर्थर कॉटनसारख्या जलमार्गाच्या कैवाऱ्यांनी ती उचलून धरली, आणि कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली कामे सुरू झाली. वाटेत खडकांचे तीन अडथळे होते. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा आमच्या अहेरीजवळ देवलमरीला. बांध घातले, कालवे खोदले, माणसे तापाने आजारी पडली. नदी मात्र वर्षातले काही महिनेच बोटीचा भार सोसायला तयार होती, उन्हाळ्यात ती आपले पाणी आवरून घेई. इकडे १८६७ साली आगगाडी नागपुरापर्यंत येऊन पोचली होती. अखेर १८७१ साली ही कामे थांबवली गेली. सिरोंच्याला मुख्य ठाणे असलेला अपर गोदावरी जिल्हाही १८७४ साली मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडला गेला.

जिथे बोट हरली तिथे रूळ आले. कोळशासाठी १८७० नंतरच्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग झाला. पुढे तो बल्लारपूरला गेला, आणि १९२९ साली काझीपेठेकडचा दुवा जुळल्यावर दिल्ली-मद्रासचा थेट रस्ता चांद्यावरून जाऊ लागला. पूर्वेकडून गोंदियाहून चांदा फोर्टपर्यंत एक अरुंद मार्गाची छोटी गाडी आली. रूळ हलके, डबे छोटे, भार बेताचा. जंगलातून ती डुलत जाई, आणि गोंदियाला पोचल्यावर सारा माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. १९९० नंतरच्या दशकात तिचे रुंदीकरण झाले. रूळ जिथे संपत, तिथे पुन्हा बंडी आणि पुन्हा माणसाचे डोके. वडसा स्टेशनावर उतरलेल्या मिठाच्या पोत्याला भामरागडचे तोंड दिसायला अजून किती खांदे बदलावे लागत, याचा विचार करावा!

आता कायद्याकडे वळू. जनावरांना क्रूरपणे वागवू नये, त्यांच्यावर अति ओझे लादू नये, असा कायदा हिंदुस्थानात १८९० साली झाला. स्वातंत्र्यानंतर १९६० साली तो नव्याने झाला आणि त्याखालीच ते १९६५ चे नियम आले. त्या नियमांत लहान बैलासाठी दुचाकी गाडीचा भार असा बांधला आहे: साध्या चाकांची गाडी असेल तर ५०० किलो, रबरी हवेची चाके असतील तर ७५०, आणि बॉल बेअरिंग असेल तर १०००. म्हणजे बैल तोच, पण चाक सुधारले की भार दुप्पट. आमच्याकडे रबरी चाकांची डनलॉप बंडी आली, तिने लोखंडी धावेची खडखड थांबवली आणि बैलांच्या मानेचा भारही हलका केला. याच नियमांत आणखी एक कलम आहे. जिथे तपमान ३७ अंशांवर जाते तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावराला गाडीला जुंपू नये. चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जाणे नवलाचे नाही. त्या तीन तासांत बैलाला सावली मिळण्याचा हक्क कागदावर आहे.

मोटारीचा कायदा १९१४ सालचा. त्यात मुख्यत्वे नोंदणी, परवाना आणि बेफाम हाकण्याला आळा होता. १९३९ च्या कायद्याने भरल्या गाडीच्या आणि आसाच्या वजनाचा पक्का विचार केला, आणि सध्याचा कायदा १९८८ चा. माझ्या वर्गातली मुले रस्त्याने जाणाऱ्या ट्रकच्या अंगावर रंगवलेली अक्षरे मोठ्याने वाचतात, आर. एल. डब्ल्यू., यू. एल. डब्ल्यू. आणि विचारतात, गुरुजी, हे काय? यू. एल. डब्ल्यू. म्हणजे रिकाम्या गाडीचे वजन. आर. एल. डब्ल्यू. म्हणजे मालासकट नोंदलेले अधिकाधिक वजन. पहिले दुसऱ्यातून वजा करा, जे उरेल तेवढेच न्यायचे. वजाबाकीचे याहून चांगले उदाहरण क्रमिक पुस्तकात नाही. गंमत अशी की इयत्ता तिसरीच्या मुलाला जमणारी ही वजाबाकी धंद्यातल्या भल्याभल्यांना जमत नाही.

याला डोळ्यांची फसगतही कारण आहे. तेंदूपानाच्या गोणी डोंगरासारख्या रचल्या तरी गाडी कुरकुरत नाही. लोखंडाचा दगड मात्र हौद्याच्या तळाला पसरला तरी स्प्रिंगा बसतात. घनमीटरभर धानाचे वजन टनाच्या आत भरते, तेवढ्याच जागेत लोखंडाचा दगड दोन टनांच्या वर जातो. म्हणून डोळ्यावर भरवसा नाही. भरवसा एकट्या काट्यावर. आमच्याकडे गाडी तोलण्याच्या काट्याला लोक धरमकाटा म्हणतात. कोणी ठेवले हे नाव कोण जाणे, पण ज्याने ठेवले त्याला व्यवहार आणि धर्म या दोन्हींची पुरती ओळख असली पाहिजे.

भार थोडा वाढला तर बिघडले कुठे, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून रात्रंदिवस ट्रक फिरवले गेले. त्या प्रयोगातून एक विलक्षण हिशेब हाती आला. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती सुमारे सोळापट होते. नुसता एक पंचमांश भार वाढला तरी झीज दुप्पट. आपल्याकडे १६ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने भाराच्या मर्यादा वाढवल्या. चार टायरांच्या एका आसाला पूर्वी १०.२ टन होते, ते ११.५ झाले. दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ वर गेले आणि तीन आसांच्या ट्रकचे २५ वरून २८.५ वर. भाड्याचा खर्च कमी व्हावा हा त्यामागचा हेतू. पण इलिनॉयचा हिशेब लावला तर भारात तेरा टक्के वाढ, आणि झिजेत दीडपटीहून अधिक. नफा गाडीच्या दप्तरात जमा होतो आणि झीज गावाच्या रस्त्यावर खर्ची पडते.

कायद्याला पळवाटाही होत्या. काही राज्यांनी ठराविक रक्कम घेऊन जादा भाराची एक प्रकारे परवानगीच देऊन टाकली होती. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रीत चुकीची ठरवली. दंड भरला म्हणून जादा भार पुढे नेता येणार नाही, तो जागीच उतरवला पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये इतका झाला.

मोठ्या गाड्यांची ही कथा. पण आमच्या जंगलातल्या खेड्यांचे पोट भरते ते लहान गाडीवर. पूर्वी आलापल्लीच्या सागाचे ओंडके ओढायला वनखात्याचे हत्ती होते. कमलापूरचा हत्तीकॅम्प आजही प्रसिद्ध आहे. २००५ साली टाटांनी एक चिमुकला मालट्रक बाजारात आणला. दोन सिलिंडरचे इंजिन, पाऊण टन माल. लोकांनी त्याचे कंपनीने दिलेले नाव बाजूला ठेवले आणि त्याला ‘छोटा हत्ती’ म्हणू लागले. खरा हत्ती ओंडका ओढी, छोटा हत्ती भाजी, किराणा, औषधांची खोकी, वरातीची भांडी आणि वेळप्रसंगी मंडपाचे खांबही ओढतो. मोठा ट्रक पुरता भरेपर्यंत थांबतो, हा थांबत नाही. बाजाराच्या दिवशी पहाटे टोमॅटो पोचला पाहिजे, दुपारी पोचला तर त्याची चटणी होते. जुन्या रेंगीची जागा आज याने घेतली आहे.

कायद्यानेही या लहान गाडीला थोडी मोकळीक दिली आहे. मालासकट वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर मालवाहतुकीचा वेगळा परवाना लागत नाही. ७,५०० किलोंपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या लायसेन्सवर चालवता येते, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकालात काढला. दोन-चार एकर विकून गाडी घेतलेल्या तरुणाच्या दृष्टीने हे आकडे म्हणजे घराचा उंबरठा. त्याच्या आत राहिले तर संसार, बाहेर गेले तर दंड. आणि मोह तर रोजचाच असतो. आठशे रुपयांची एक फेरी, त्यातच दोन पोती जास्त टाकली तर काय होईल? होत काहीच नाही, घाटाच्या उताराला ब्रेक लागेपर्यंत.

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडया भरतात आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे या रंगभूमीची राजधानी. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. आज एका गावी प्रयोग, उद्या पन्नास कोसांवरच्या दुसऱ्या गावी. पडदे, नेपथ्य, दिवे, पेटी-तबला, रंगाच्या पेट्या आणि झोपेने पेंगणारी नटमंडळी हे सारे रातोरात हलते. पूर्वी प्रेक्षक बंड्या जुंपून येत, आज नाटकच गाडीत बसून येते. निकडीच्या मालाचे याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. सीतेचा मुकुट उशिरा पोचून चालत नाही.

याच रस्त्यांवर गेल्या काही वर्षांत लोखंडाच्या दगडाच्या गाड्यांची रांग लागली. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडच्या पायथ्याशी नक्षलवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली. ज्यांनी कर्ज काढून ती घेतली होती, त्यांच्या हप्त्यांना काही आग लागली नाही, ते चालूच राहिले. पुढे वाहतूक पुन्हा सुरू झाली आणि वाढली. कोणाला रोजगार मिळाला, कोणाच्या दारातला रस्ता उखडला, कोणाच्या घरचा माणूस सायकलवरून परत आला नाही. रस्ता एकच, पण एकाच्या वाट्याला भाडे आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला धूळ.

बंडीच्या आणि मोटारीच्या या साऱ्या हिशेबात एक प्रश्न मागेच राहिला. बैलाच्या ओझ्याचा कायदा १८९० चा, मोटारीच्या भाराचा १९३९ चा. मग माणसाच्या डोक्यावरचे? कारखान्यात कोणाकडूनही इजा होईल इतके वजन उचलवून घेऊ नये, असे कलम १९४८ च्या कारखाना कायद्यात आले. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एका पुरुषाने उचलायच्या ओझ्याला ५५ किलोंची शिफारस केली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा केला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. म्हणजे आधी बैल, मग मोटार, आणि सर्वांच्या शेवटी माणूस.

तोही कारखान्यातला आणि बाजारपेठेतला. जंगलातल्या बाईच्या डोक्यावरच्या मोळीला आजही काटा नाही. उन्हाळ्यात तेंदूपान तोडायला ती पहाटे निघते, सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधते आणि भारा डोक्यावर घेऊन फळीवर येते. तिथे तिच्या पुड्यांची मोजणी काटेकोर होते, तिच्या मानेवरच्या भाराची होत नाही. बैलाला दुपारी बारा ते तीन सावलीचा नियम आहे, तिला नाही. आणि पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढून भामरागड तुटते, तेव्हा आजाऱ्याला खाटेची कावड करून चार माणसे खांद्यावर नेतात. या वाहतुकीइतकी निकडीची वाहतूक दुसरी कोणती? तिच्यासाठी ना गाडी, ना वेळापत्रक.

तरी या इतिहासात एक दिवा लावण्याजोगी गोष्ट आहे. जंगलातला माल हलवायचा तर वाहतुकीचा पास लागतो, आमच्याकडे त्याला टी. पी. म्हणतात. तो देण्याचा अधिकार वनखात्याचा. काटा एकाच्या हाती आणि शिक्काही त्याच्याच हाती. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्याशा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक-पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ते पुस्तक घ्यायला काही हत्ती लागला नाही, ते हातात मावत होते. पण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचा माल वाहणाऱ्यांनी पहिल्यांदा आपला माल आपल्या सहीने बाहेर पाठवला. माझ्या मते चांद्याच्या मालवाहतुकीच्या इतिहासात आगगाडीच्या खालोखाल हीच तारीख मोठी.

भार वाहिल्यावाचून जग चालत नाही. तुमच्या घरचे पोहे, गूळ, पणतीतले तेल, हे सारे कोणाच्या तरी पाठीवरून, कोणाच्या तरी टायरवरून आले आहे. प्रश्न एवढाच की किती भार, कोणावर, आणि तो ठरवतो कोण. लमाण ज्या बैलावर ओझे लादी, त्याच्या शेजारून तोही चालत असे, म्हणून त्याचा हिशेब चुकत नसे. आज ओझे ठरवणारा दूर बसतो आणि वाहणारा रस्त्यावर असतो. ते अंतर जितके कमी होईल तितका काटा खरा दाखवील. धरमकाट्यात लोखंडाची पट्टी कोणीही बसवू शकतो. नावातला धर्म मात्र माणसांनी आणावा लागतो.